आधी भिंत मोजा: चित्रांचं प्रदर्शन उभं करताना

माझ्या पहिल्या एकल प्रदर्शनाला मी 42 चित्रं घेऊन गेले होते. भिंतींवर 26 बसली, तीही दाटीवाटीनं. उरलेली 16 आठवडाभर मागच्या खोलीत एकमेकांना टेकून उभी राहिली. त्यांच्या फ्रेमचे आणि वाहतुकीचे पैसे मी अर्थातच आधी भरलेले होते. दुसऱ्या दिवशी एक ज्येष्ठ चित्रकार आले, हात मागे बांधून सावकाश सगळीकडे फिरले आणि जाताना म्हणाले, "चांगलं आहे. किती जणांचं प्रदर्शन आहे?"

एकटीचंच होतं.

तेव्हापासून प्रत्येक प्रदर्शनाची सुरुवात मी टेप हातात घेऊन करते. आधी भिंत, मग चित्रं. खाली दिलेला क्रम हाताशी साधारण वर्ष आहे असं धरून लिहिला आहे. सहा महिन्यांतही जमतं, पण मग तैलरंगात काम करणाऱ्यांची पंचाईत होते. का, ते पुढे येईलच.

भिंत

जागा ठरायच्या बेतात आली की एकदा स्वतः जाऊन या. गॅलरीनं पाठवलेल्या नकाशावर विसंबू नका. नकाशात स्विचबोर्ड दाखवलेले नसतात, आग विझवायचं लाल नळकांडं नसतं, भिंतीतून चार बोटं पुढे आलेला खांब नसतो. सोबत टेप, वही आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस न्या.

प्रत्येक भिंतीची लांबी-उंची लिहा. खिळा ठोकू देतात की वरच्या पट्टीवरून तारेनं टांगावं लागतं, ते विचारा. दिवे कुठे आहेत आणि ते वळवता येतात का, ते पाहा. आणि आत येण्याच्या वाटेवरचं सगळ्यांत अरुंद दार मोजा. मी एकदा ते मोजलं नव्हतं. दोन मीटरचं चित्र जिन्याच्या वळणावर अडकलं, शेवटी कॅनव्हास चौकटीवरून उतरवून गुंडाळून वर नेला आणि रात्री पुन्हा ताणला. कोपऱ्यांतले उडालेले टवके नंतर रंगवून झाकले, पण मला ते अजून दिसतात.

आता हिशेब. भिंतीच्या लांबीपैकी साधारण निम्मी चित्रांना आणि निम्मी रिकामी, एवढं धरून चाला. समजा भिंत 6 मीटर, म्हणजे 600 सेंटिमीटर आहे आणि तिच्यावर 90, 90, 120 आणि 60 सेंटिमीटर रुंदीची चार चित्रं लावायची आहेत. चित्रांची बेरीज 360. उरले 240. चार चित्रांमध्ये तीन फटी आणि दोन टोकांच्या मोकळ्या जागा धरून पाच भाग, म्हणजे प्रत्येकी 48 सेंटिमीटर. हे छान बसतं. याच भिंतीवर पाचवं 90चं चित्र घुसवलंत तर उरतात 150, भाग सहा, आणि प्रत्येक फट 25वर येते. कागदावर ते चालेलसं वाटतं. प्रत्यक्षात एका चित्रापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेच्या कडेला दुसरं चित्र सतत लुडबुडत राहतं.

मी 1:20 प्रमाणात पुठ्ठ्याच्या भिंती कापते. 6 मीटरची भिंत 30 सेंटिमीटरची होते, 90चं चित्र साडेचार सेंटिमीटरचं. चित्रांचे छोटे प्रिंट त्याच प्रमाणात कापून चिकटपट्टीनं लावायचे आणि हलवत बसायचं. संगणकावर हे करून देणारी साधनं आहेत, पण पुठ्ठ्याचं घर टेबलावर आठवडाभर पडून राहतं, येता-जाता त्याच्याकडे लक्ष जातं, आणि चुका अशा येता-जाताच दिसतात.

मोकळ्या भिंतीची ही चैन चित्रकारांना फार उशिरा मिळाली. पॅरिसच्या सरकारी 'सलों' प्रदर्शनात चित्रं जमिनीपासून छतापर्यंत एकाला एक खेटून लावत, आणि आपलं चित्र छताजवळ गेलं की ते कुणाला दिसणार नाही हे ठरलेलं. 1874च्या एप्रिलमध्ये मोने, दगा, पिसारो, रन्वार, बेर्त मोरिसो वगैरे सुमारे 30 जणांनी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. परीक्षक मंडळ नको, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. पण कुठलं चित्र कुठे आणि किती उंचीवर लागेल, हेही त्यांनी आपल्या हातात घेतलं. आज आपण गॅलरीशी दोन चित्रांमधल्या अंतरावरून हुज्जत घालतो, ती त्याच भांडणाची पुढची पिढी.

चित्रं निवडणं, म्हणजे काढून टाकणं

सगळ्या चित्रांचे पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढा आणि जमिनीवर पसरा. त्यातून आधी घ्यायची चित्रं शोधू नका, काढायची शोधा. माझ्या त्या 26 चित्रांमध्ये तीन वेगवेगळ्या वर्षांतलं काम होतं: निसर्गचित्रं, मग घरातल्या वस्तूंची चित्रं, मग जवळपास अमूर्त. प्रत्येक गट आपापल्या जागी बरा होता. एकत्र लावल्यावर ते तीन जणांचं झालं.

धागा विषयाचाच असावा असं नाही. एकच रंगपट्टी, एकच आकारमान, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, काहीही चालेल. मात्र तो धागा तुम्हाला दोन साध्या वाक्यांत सांगता आला पाहिजे. येत नसेल तर निवड झालेली नाही असं समजा.

सगळ्यांत अवघड जातं ते आपलं लाडकं चित्र वगळणं. ते लाडकं असण्याचं कारण बहुतेक वेळा चित्राबाहेरचं असतं. तेव्हा किती झगडले होते, कुठे बसून काढलं होतं. पाहणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून शेवटच्या फेरीला अशा एका माणसाला बोलवा ज्याला चित्रं कळतात आणि तुमचं मन राखायची ज्याला सवय नाही.

शेजार हा वेगळा विषय. 1832 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत टर्नर या चित्रकाराचं करड्या रंगाचं समुद्रचित्र कॉन्स्टेबल या दुसऱ्या चित्रकाराच्या लाल-सोनेरी झगमगाटाच्या 'वॉटर्लू पुलाच्या उद्घाटना'शेजारी लागलं होतं. भिंतीवर लावलेल्या चित्रांवर शेवटचा हात फिरवायला चित्रकारांना तेव्हा काही दिवस मिळत. टर्नर आला, आपल्या समुद्रात लाल रंगाचा एक गोळा ठेवून निघून गेला आणि नंतर त्या गोळ्याचा पाण्यावर तरंगणारा बोया केला. तेवढ्यानं शेजारचं चित्र फिकं पडलं. एकल प्रदर्शनात दोन्ही चित्रं आपलीच असतात, म्हणजे गारद होणारंही आपलंच. भडक आणि हळुवार चित्रं शेजारी लावायची वेळ आलीच तर मध्ये कोपरा येऊ द्या.

गॅलरीशी बोलणी

ढोबळमानानं तीन प्रकारच्या जागा असतात. भाड्यानं मिळणारं दालन: तारखा मिळाल्या की बाकी सगळं तुमचं, खर्चही आणि विक्रीही. व्यावसायिक गॅलरी: भाडं नाही, विक्रीवर कमिशन. आणि संस्थांची किंवा चित्रकारांनीच मिळून चालवलेली दालनं, जिथे निवड समिती असते आणि अर्ज करावा लागतो. पहिल्या प्रदर्शनासाठी मी भाड्याचं दालन किंवा तिसरा प्रकार सुचवीन. व्यावसायिक गॅलरीनं तुमच्या मागे उभं राहावं यासाठी आधी तुमचं काम एकत्र लावलेलं कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

व्यावसायिक गॅलरीकडे जाताना चित्रं काखोटीला मारून जाऊ नका. आधी त्यांची दोन-तीन प्रदर्शनं पाहा. तिथे लागणाऱ्या कामाच्या जवळपास आपलं काम असेल तरच लिहा. मेलमध्ये चार-पाच ओळी, 10-12 निवडक चित्रांची एक पीडीएफ, प्रत्येक चित्राखाली माप-माध्यम-वर्ष. तेवढं पुरे. 80 चित्रांची लिंक कुणी उघडत नाही. उत्तर आलं नाही तर महिन्याभरानं एकदा आठवण करायची आणि मग सोडून द्यायचं.

बोलणी जमली की लेखी करार करा, गॅलरी कितीही ओळखीची असो. जगभर कमिशन साधारण 40 ते 50 टक्के असतं. आकडा ऐकून नवख्याला धक्का बसतो, पण चांगली गॅलरी त्या पैशात ग्राहक, जागा, माणसं आणि नाव देते. कमिशनपेक्षा बारीक अक्षरातल्या गोष्टी जास्त महाग पडतात. फ्रेमचा खर्च कमिशनच्या आधी वजा होतो की नंतर? समजा किंमत 100, त्यातले 10 फ्रेमचे आणि कमिशन 40 टक्के. पूर्ण 100वर कमिशन गेलं तर हातात 60 येतात, फ्रेमचे 10 जाऊन 50. फ्रेम आधी बाजूला काढली तर उरलेल्या 90चे 60 टक्के, म्हणजे 54. प्रत्येक विक्रीत चारचा फरक.

ग्राहकाला सूट दिली तर ती कुणाच्या वाट्यातून जाणार? निम्मी-निम्मी हा रास्त तोडगा आहे. वाहतूक जाताना कोण देणार आणि येताना कोण? विमा कधीपासून कधीपर्यंत? याला 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत' असा शब्दप्रयोग आहे: तुमच्या भिंतीवरून चित्र उतरलं तिथून ते परत तिथेच लागेपर्यंत. न विकलेली चित्रं किती दिवसांत परत येणार? आणि विक्रीचे पैसे किती दिवसांत मिळणार? या शेवटच्या कलमाशिवाय मी एकदा सही केली होती. चित्र पहिल्याच आठवड्यात गेलं, पैसे सात महिन्यांनी आले, तेही मी फोन करून करून. आता करारात 30 दिवस लिहून घेते.

करारासोबत चित्रांची यादी जोडा: नाव, माप, माध्यम, किंमत आणि चित्र देताना त्याची अवस्था दाखवणारे फोटो, कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचेसुद्धा. कोपरा तुटून परत आला की वाद त्या फोटोपाशी संपतो.

किंमत

किंमत ठरवताना सगळे क्षेत्रफळाचा दर लावतात आणि मग गोंधळतात. 30 बाय 30 सेंटिमीटरचं चित्र 900 चौरस सेंटिमीटरचं, 90 बाय 90चं 8100चं. क्षेत्रफळानं मोठं चित्र नऊपट महाग होतं, म्हणजे छोटं फुकटात जातं किंवा मोठं कुणी घेत नाही. त्याऐवजी उंची अधिक रुंदी घ्या: 60 आणि 180, तिप्पट. बाजाराची चाल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. मी उंची-रुंदीच्या बेरजेचा दर लावते आणि फार मोठ्या चित्रांना थोडा चढा ठेवते. दर ठरवायला आपल्याइतकाच अनुभव असलेल्या चार-पाच चित्रकारांच्या किमती पाहाव्यात, थोर मंडळींच्या पाहू नयेत.

स्टुडिओतली आणि गॅलरीतली किंमत एकच हवी. गॅलरीत पाहून गेलेल्या माणसाला मागच्या दारानं स्वस्तात चित्र दिलंत की गॅलरी कायमची गेली, आणि ज्यानं पूर्ण किंमत मोजली होती तो माणूसही गेला. किंमत खाली आणायची वेळ येऊ नये म्हणून सुरुवात बेताची करा. वाढवणं सोपं असतं.

फोटो आणि बाहेर दाखवणं

फ्रेम करण्याआधी फोटो काढा, विशेषतः काचेआड जाणाऱ्या कामांचे. चित्र भिंतीला समांतर लावा, कॅमेरा तिकाटण्यावर, भिंगाचा मध्य नेमका चित्राच्या मध्यासमोर. दोन्ही बाजूंना सारखे दोन दिवे, सारख्या अंतरावर, चित्राशी 45 अंशांत. खोलीतले बाकीचे दिवे बंद, नाहीतर दोन रंगांचा उजेड मिसळतो आणि पांढरा कधी पांढरा येत नाही. दिवे नसतील तर ढगाळ दिवशी बाहेर, सावलीत. पहिल्या फोटोत चित्राशेजारी करड्या रंगाचं कार्ड धरा म्हणजे नंतर रंग जुळवता येतात. फोनवरच काढायचे असतील तर जवळ जाऊन रुंद भिंगानं काढू नका, चौकट फुगलेली दिसते. मागे सरका आणि दुप्पट झूम वापरा.

मोठी फाइल जपून ठेवा. पूर्ण ए4 पान 300 डीपीआयनं (दर इंचात 300 ठिपके) छापायला 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. कॅटलॉगवाला ऐन वेळी तेवढंच मागतो आणि आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो असतो. इंटरनेटवर टाकायला लांब बाजू 2000 पिक्सेलच्या आसपास पुरते.

काम ऑनलाइन दाखवण्याबद्दल माझं मत थोडं जुनाट आहे: प्रदर्शनात लागणारी सगळी चित्रं आधीच दाखवू नयेत. तीन-चार पूर्ण, बाकीच्यांचे तुकडे. एखाद्या कोपऱ्यातला रंगाचा थर, अर्ध्यावर असलेलं चित्र, चित्रासमोर उभा असलेला माणूस. हा शेवटचा फोटो सगळ्यांत उपयोगी, कारण पडद्यावर 20 सेंटिमीटरचं आणि दोन मीटरचं चित्र सारखंच दिसतं. प्रदर्शनाच्या दोन महिने आधी तारीख एकदा सांगा, दोन आठवडे आधी निमंत्रण, आदल्या दिवशी आठवण. ज्यांनी पूर्वी चित्र घेतलं आहे त्यांना सामुदायिक निरोप पाठवू नका. प्रत्येकाला दोन ओळी स्वतः लिहा. पत्त्यांची ही यादी गॅलरीच्या यादीपेक्षा मोलाची असते.

वाळणं, वॉर्निश, बांधणी

आता तैलरंगवाल्यांची पंचाईत. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतं. बोटाला लागत नाही म्हणजे वाळलं असं नव्हे. पारंपरिक अंतिम वॉर्निशासाठी, म्हणजे चित्र जपणाऱ्या वरच्या पारदर्शक लेपासाठी, थरांच्या जाडीप्रमाणे सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. घाई केली तर वॉर्निश आणि रंग एकमेकांत मिसळतात आणि पुढे ते वॉर्निश वेगळं काढता येत नाही. म्हणून प्रदर्शनातलं शेवटचं तैलचित्र सहा महिने आधी पूर्ण करायचं, हा माझा दंडक. मोडतेच मी, पण मग ते चित्र तात्पुरत्या रीटच वॉर्निशावर जातं आणि घेणाऱ्याला तसं सांगते. प्रदर्शनाच्या पूर्वदर्शनाला फ्रेंचमध्ये 'व्हर्निसाज' म्हणतात, म्हणजे शब्दशः वॉर्निश लावणं; उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ब्रश घेऊन धावपळ करणारे आपण पहिलेच नाही.

ॲक्रिलिक लवकर सुकतं, पण त्याची खोड वेगळी. उष्णता मिळाली की ते मऊ पडतं. बबल रॅप थेट चित्राला गुंडाळून गाडीत ठेवलात की फुगे चित्रावर उठतात. मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे: गडद निळ्या, एकसंध रंगवलेल्या आकाशात गोल गोल ठशांच्या रांगा, इतक्या शिस्तीत की एकानं मला विचारलं, हे तंत्र कसं केलंत. सिलिकॉनचा लेप असलेला न चिकटणारा कागद आधी चित्रावर, मग कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षक, मग बबल रॅप, आणि फुग्यांची बाजू बाहेर. वाहतुकीत चित्रं उभी ठेवा, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा.

फ्रेमबद्दल थोडक्यात: कॅनव्हासला साधी फ्लोटर फ्रेम (कॅनव्हासच्या कडेभोवती थोडी फट सोडणारी चौकट) पुरते किंवा कडा नीट रंगवल्या असतील तर तीही नको. कागदावरच्या कामाला काच हवी, आम्लमुक्त माउंट (कागदाभोवती बसवायचा पुठ्ठा) हवा, आणि काच कागदाला टेकता कामा नये. सगळ्या फ्रेम एका जातीच्या ठेवा.

प्रत्येक चित्राच्या मागे नाव, वर्ष, माध्यम, माप आणि वरच्या बाजूकडे बाण. बाणाला हसू नका. 1961 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातीसची 'ल बातो' ही कागद कापून केलेली होडी 47 दिवस उलटी लागली होती. लाखाहून जास्त लोक पाहून गेले. चूक शेवटी एका प्रेक्षक बाईंच्या लक्षात आली.

लावणी

पूर्ण एक दिवस आणि दोन माणसं धरा. सामान: टेप, पाणसळ, पेन्सिल, हातोडी, हुक, मास्किंग टेप, सुती हातमोजे, खोडरबर. खिळे ठोकण्याआधी सगळी चित्रं ठरलेल्या जागी भिंतीला टेकून जमिनीवर ठेवा, खाली मऊ कापड घालून. पुठ्ठ्याचं घर इथे निम्मं काम करून देतं. उरलेलं निम्मं पुन्हा डोळ्यांनी ठरवावं लागतं, कारण पुठ्ठ्यावर उजेड नसतो. दारातून आत शिरल्यावर जे चित्र समोर दिसतं ते सगळ्यांत मोठंच असावं असं नाही. माणसाला चार पावलं आत ओढील असं हवं.

उंचीचा नियम सोपा आहे: चित्राचा मध्य जमिनीपासून 145 सेंटिमीटरवर, फार तर 150. वरच्या कडा एका रेषेत आणायच्या नसतात, मध्य आणायचा असतो. खिळा कुठे ठोकायचा याचं गणित एकदा नीट समजून घ्या, मग आयुष्यभर पुरतं. मागची तार बोटानं वर ओढून ताणा आणि ताणलेल्या जागेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा चित्र 90 सेंटिमीटर उंच आहे आणि हे अंतर 8 आहे. 145मध्ये उंचीचा निम्मा, म्हणजे 45 मिळवा: 190. त्यातून 8 वजा: 182. हुकाची बसकण, म्हणजे तार जिथे टेकते ती जागा, जमिनीपासून 182वर आली पाहिजे. खिळ्याचं भोक त्याच्या किंचित वर असतं. हा फरक विसरला की सगळी चित्रं दीड सेंटिमीटर खाली उतरतात आणि का ते कुणाला कळत नाही.

एका हुकाऐवजी दोन वापरा. वजन वाटलं जातं आणि कुणाचा खांदा लागला तरी चित्र तिरकं होत नाही. जमीन सपाट आहे असं गृहीत धरू नका. जुन्या इमारतींत ती उतरती असते. म्हणून पहिल्या चित्राचा मध्य टेपनं घ्यायचा आणि पुढच्या सगळ्यांचा पाणसळीनं त्यावरून पुढे न्यायचा.

नियम मोडायचा तर कारण हवं. अमेरिकी चित्रकार रॉथकोनं लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीतल्या 1961च्या प्रदर्शनासाठी कळवलं होतं की मोठी चित्रं शक्यतो जमिनीलगत, सहाएक इंचांवर लावा आणि उजेड फार तीव्र ठेवू नका. त्याला माणूस रंगाच्या आत उभा राहायला हवा होता. तुमची चित्रंही तसं काही मागत असतील तर जरूर खाली आणा.

उजेडाला निदान दोन तास राखून ठेवा, दिवस मावळल्यावर. दिवा चित्रावर उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांत पडावा. त्याहून सरळ आला तर फ्रेमची सावली चित्रावर लांबते, त्याहून आडवा आला तर वॉर्निश चकाकतं आणि पाहणाऱ्याची स्वतःची सावली मध्ये येते. दिव्याचा रंगनिर्देशांक, ज्याला सीआरआय म्हणतात, तो 90च्या वर हवा. स्वस्त एलईडीखाली लाल रंग विटकरी दिसतो. कागदावरच्या जलरंगाला संग्रहालयं 50 लक्सपलीकडे (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जात नाहीत, तैल आणि ॲक्रिलिकला 150 ते 200 चालतात. आठवडाभराच्या प्रदर्शनात काही उडून जाणार नाही, पण घेणाऱ्याला हे सांगा. व्हॅन गॉगच्या 'शयनगृहा'तल्या आज निळ्या दिसणाऱ्या भिंती 1888 साली जांभळ्या होत्या. त्यातला लाल उजेडानं उडाला. आपल्या रंगांच्या ट्यूबवरची टिकाऊपणाची खूण वाचायची सवय असू द्या.

लेबल चित्राच्या उजवीकडे, खाली, सगळी एका उंचीवर. नाव, वर्ष, माध्यम, माप. मापात आधी उंची, मग रुंदी. किंमत लेबलवर न छापता वेगळ्या यादीत ठेवली तर लोक आधी चित्र पाहतात. दारापाशी लावायचं निवेदन 150 शब्दांच्या वर जाऊ देऊ नका आणि त्यात 'अंतर्मनाचा शोध', 'जाणिवांचा प्रवास' असले शब्द आले की खोडा. काय पाहत होतात, कशानं रंगवलंत, कुठे अडलात, एवढं लिहिलं तरी माणूस चित्राकडे वळतो.

चालू असताना

उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्रं कुणी पाहत नाही. लोक एकमेकांना भेटतात, तुम्हाला भेटतात, फोटो काढतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, चित्रं पाहणारे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी येतात, एकटे. तेव्हा तुम्ही तिथे असा, पण चित्राशेजारी पहारा देत उभं राहू नका. कोपऱ्यात वही घेऊन बसा. माणूस एका चित्रापुढे दुसऱ्यांदा परतला की उठायचं आणि इतकंच विचारायचं, "काही सांगू का?" नाही म्हणाला तर परत बसायचं. कोण कुठल्या चित्रापाशी थांबतं हे वहीत टिपत जा. अभिप्रायाच्या वहीतल्या 'अप्रतिम!'पेक्षा हे जास्त कामाचं असतं.

विकल्या गेलेल्या चित्राला लाल ठिपका लावायचा तो पैसे किंवा निदान इसारा हातात आल्यावर. "माझ्यासाठी ठेवा"ला अर्धा ठिपका, 48 तासांची मुदत. विक्रीची पावती आणि अस्सलतेचं प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट, वेगळं लिहून दिलं नसेल तर, बहुतेक देशांत चित्रकाराकडेच राहतो. घेणाऱ्याला ते माहीत नसतं आणि वर्षभरानं आपलं चित्र कुठल्यातरी कंपनीच्या कॅलेंडरवर भेटतं. प्रमाणपत्रातच एक ओळ टाका.

प्रदर्शनाचे फोटो लोक नसताना काढा, सकाळी दार उघडण्याआधी. प्रत्येक भिंत पूर्ण, समोरून, शिवाय दोन-तीन कोपऱ्यांतून. पुढच्या गॅलरीला दाखवायला चित्रांच्या फोटोंपेक्षा हे जास्त उपयोगी पडतात, कारण त्यात तुम्ही भिंत कशी वापरता ते दिसतं.

उतरवणी

उतरवण्याच्या दिवशी सगळे मित्र अचानक कामात असतात, म्हणून दोघांना आधीच बांधून ठेवा. चित्रं उतरवताना यादीशी ताडून प्रत्येकाची अवस्था पुन्हा पाहा, नवा ओरखडा दिसला तर तिथल्या तिथे फोटो काढून गॅलरीच्या माणसाला दाखवा. विकलेली चित्रं वेगळी बांधा, त्यांच्यावर घेणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत. घेणाऱ्यांचे पत्ते त्याच रात्री तुमच्या यादीत चढवा; कुठलं चित्र कुणाकडे गेलं हे दहा वर्षांनी आठवत नाही आणि एखाद्या मोठ्या प्रदर्शनासाठी ते उसनं मागायची वेळ येऊ शकते. न विकलेल्या चित्रांच्या मागे प्रदर्शनाचं नाव आणि तारीख लिहा.

मग हुक काढायचे, भोकांत लांबी (पुट्टी) भरायची, ती वाळेपर्यंत पेन्सिलीच्या खुणा खोडरबरानं पुसायच्या, लांबीवरून बारीक पॉलिश पेपर फिरवायचा आणि गॅलरीच्याच डब्यातल्या पांढऱ्या रंगाचा हात मारायचा. दुकानातून दुसरा पांढरा आणू नका, भिंतीवर ठिपके उठून दिसतात आणि अनामत रक्कम कापली जाते.